पाण्याच्या कॅनचं ॲप

घुग्घुसला आमचा थंड पाण्याच्या कॅनचा प्लान्ट आहे. प्लान्ट म्हणजे घरामागची पत्र्याची शेड, दोन टाक्या, एक फिल्टर मशीन आणि कॅन धुवायचा ओटा. नवरा खाणीत शिफ्टवर जातो, म्हणून धंदा पहिल्यापासून मीच पाहते.

उन्हाळ्यात फोन थांबत नसे. एका हातात पाइप, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि ऑर्डर लिहायची शेडच्या भिंतीवर खडूनं. एकदा एका घरच्या साखरपुड्याच्या वीस कॅन मी लिहिल्या आणि ओटा धुताना त्या पुसल्या गेल्या. दुपारी मंडपात पाहुणे तहानलेले बसले होते. घरची बाई आमच्या फाटकाशी आली आणि गल्ली ऐकेल अशा आवाजात म्हणाली की हिला धंदा जमत नसेल तर हिनं घरी बसून भाकरी थापाव्या. ते वाक्य मला फार दिवस टोचलं. ॲप करायचं मी त्या दिवशी ठरवलं.

आधी नागपूरला एका कंपनीत गेले. तिथल्या माणसानं चहा दिला, माझं सगळं ऐकलं आणि जो आकडा सांगितला त्यात आमचा प्लान्ट दोनदा उभा राहिला असता. मी म्हटलं, एवढं नाही जमणार. तो हसला आणि म्हणाला, मग एक वही घ्या.

परत येऊन मी व्हिडिओ पाहून शिकले. टायपिंगच्या क्लासला असताना कॉम्प्युटरवर तक्ते करायला शिकले होते, ते कामी आलं. गिऱ्हाइकांचा तक्ता करायचा, आणि त्यावरून ॲप बनवून देणारी साइट असते तिच्यात तो टाकायचा. कोड एक ओळ लिहावा लागत नाही. पहिलं ॲप मी फार मोठं केलं, त्यात पासवर्ड होता, फोटो होते, आमच्या पाण्याची माहिती होती. शेजारणीनं उघडलं आणि पासवर्डवरच बंद केलं. मग मी सगळं काढून एकच बटण ठेवलं, ‘कॅन पाहिजे’. ते सगळ्यांना जमलं. छोट्या धंद्याला एवढंच लागतं, हे मी आजही सांगते.

अडचण पत्त्यांची होती. आमच्याकडे पत्ता म्हणजे ‘टॉवरच्या मागचं हिरवं फाटक’. ॲपमध्ये प्रत्येक घराची जागा नकाशावर लावायची होती आणि ही घरं एकाच माणसाला ठाऊक होती. आमचा मालवाहू ऑटो चालवणारे चाचा. पंचावन्नच्या पुढचे, बारा वर्षं आमच्याकडे, भरलेली कॅन खांद्यावर घेऊन दुसऱ्या माळ्यापर्यंत न थांबता चढणारे. मला ते बेटा म्हणत.

तीन आठवडे मी त्यांच्या शेजारी ऑटोत बसून हिंडले. प्रत्येक दारासमोर ऑटो थांबला की मी मोबाइलवर खूण करायची आणि ते सांगायचे. इथला माणूस रात्रपाळीचा, दिवसा झोपते, दार वाजवायचं नाही. इथल्या म्हातारीला कॅन वाकवता येत नाही, पाणी माठात ओतून द्यायचं. इथं कुत्रा आहे, पण नाव घेऊन बोलावलं तर चावत नाही. ते मला कुत्र्यांचीही नावं सांगत. मी चुकीचं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून घेत. मी त्यांना म्हटलं होतं की ॲप आलं की तुमचा त्रास कमी होईल. त्यांनी ते चार घरी सांगितलंही, की आमची बेटी माझ्यासाठी मशीन बनवून राह्यली.

दुसऱ्याच आठवड्यात मला कळलं होतं की नकाशा पुरा झाला की चाचा लागणार नाहीत. रोज बदलणारा कोणताही ड्रायव्हर मोबाइलवर पाहून कॅन टाकू शकेल, आणि तो कॅनमागे पैसे घेईल, महिन्याचा पगार मागणार नाही. हे कळल्यावरही मी आणखी आठ दिवस त्यांच्या शेजारी बसले. त्यांच्या घरून आलेल्या डब्यातलं खाल्लं. नागपूरची कंपनी ज्या कामाचे सगळ्यात जास्त पैसे लावणार होती, ते काम मी असं फुकट करून घेतलं. माझं ॲप स्वस्तात झालं ते यामुळे.

ॲप चालू झाल्यावर महिनाभरानं मी त्यांना शेडमध्ये बोलावलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. ते कॅन धुवत होते. त्यांनी हातातली कॅन पालथी घातली, पाणी निथळू दिलं आणि विचारलं, “काऊन, काई चुकलं काय?”

मी म्हटलं, “चुकलं नाही चाचा. आता ॲपमध्ये सगळं आहे.”

त्यांनी मान हलवली, जणू मी एखादी चांगली बातमी दिली. मग ऑटोची किल्ली ओट्यावर ठेवून पायीच गेले. मला वाटलं होतं भांडतील. भांडले असते तर मला सोपं गेलं असतं.

पंधरा दिवसांत ते गावातल्या दुसऱ्या प्लान्टवर लागले. मग माझी गिऱ्हाइकं गळायला लागली. ज्यांनी आठवडाभर कॅन मागवली नाही त्यांच्या नावापुढं ॲपमध्ये लाल ठिपका येतो. मी सकाळी उठून ठिपके मोजायची. माठात पाणी ओतून देणारा माणूस लोकांना हवा होता. माझे नवे ड्रायव्हर कॅन फाटकाशी टेकवून फोटो काढून निघून जात. कुत्र्यांची नावं ॲपमध्ये होती, पण ती हाक मारून घ्यायला कोणी थांबत नव्हतं.

एका दुपारी एकदम अकरा ठिपके आले. ॲपमध्ये सगळ्या गिऱ्हाइकांना एकाच वेळी मेसेज पाठवायची सोय असते. ती फुकट असते आणि आमच्यासारख्यांना तिचा फार उपयोग होतो. दर बदलला, लाइट गेली, उद्या गाडी येणार नाही, एका बोटात सगळ्या गावाला कळतं. मी तिथं बसून लिहिलं की आमच्या जुन्या ड्रायव्हरला तक्रारींमुळे कामावरून काढलं आहे, त्याला घरात घेताना बायामाणसांनी काळजी घ्यावी. खाली त्यांचं पूर्ण नाव टाकलं. तक्रार एकही नव्हती. मी कसली तक्रार ते लिहिलं नाही. ते लोक स्वतःच भरतील, आणि ते नाव वाचून काय भरतील, हे मला ठाऊक होतं. चाचा आणि मी, आम्ही दोघं मुसलमान; आमच्या माणसांबद्दल गावानं काय काय भरलं होतं ते मी लहानपणापासून ऐकत आले होते. तरीही मी बटण दाबलं. मग उठून चहा टाकला.

तीन दिवसांत दुसऱ्या प्लान्टनं त्यांना काढलं. ठिपके कमी होऊ लागले.

मला पश्चात्ताप लगेच झाला असं म्हणता येणार नाही. मला आधी भीती वाटली, की कोणी पोलिसात जाईल. कोणी गेलं नाही. मग नवऱ्यानं विचारलं की चाचांनी खरंच काय केलं होतं, तेव्हा मी त्याचं ताट वाढायला घेतलं. तो न जेवता शिफ्टला गेला. त्यानंतर मी दुसरा मेसेज पाठवला, की आधीचा मजकूर चुकीनं गेला होता, त्या माणसाविरुद्ध काहीही तक्रार नाही. कोणी मेसेज उघडला ते ॲपमध्ये दिसतं. पहिला बहुतेक सगळ्यांनी उघडला होता. दुसरा सात जणांनी.

मग मी त्यांच्या घरी गेले. ते दारातल्या खाटेवर बसले होते. त्यांच्या बायकोनं मला पाहिलं आणि ती आत निघून गेली. मी उभ्याउभ्या सांगितलं की मी दुसरा मेसेज टाकला आहे, चूक झाली म्हणून लिहिलं आहे, आता लोकांना कळेल.

ते म्हणाले, “मॅडम, तुमचा पयला मेसेज आला तवा मी एका घरातच होतो. खांद्यावर कॅन होती. त्या बाईचा मोबाइल वाजला. ती वाचून राह्यली, मी तिच्याकडं पाहून राह्यलो. मग तिनं पोरीले आतल्या खोलीत जा म्हटलं आणि मले म्हणे, कॅन बाहेरच ठेवा.”



“त्या पोरीले मी ती पाळण्यात होती तवापासून वळखतो,” ते म्हणाले. “बाकीच्या घरी मग मी आत गेलोच नाई. फाटकापाशीच ठेवल्या साऱ्या कॅन.”

मी तिसरा मेसेज टाकू का, सविस्तर लिहू का, असं विचारलं. त्यांनी हात जोडले. माझं नाव आता कोणालाच पाठवू नका, एवढंच म्हणाले. हात जोडताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती, माझी.

पुढच्या महिन्यात ते बायकोला घेऊन जिवतीकडे मुलीच्या गावी गेले. तिथं डोंगरउतारावर जावयाची ज्वारी असते. ते राखणीला बसतात असं कोणीतरी सांगितलं.

आमचा धंदा वाढला. मागच्या वर्षी मला मुलचेऱ्याला बचत गटाच्या बायांना शिकवायला बोलावलं. मिठाईवाली होती, शिवणकाम करणारी होती, मत्स्यपालन करणारं एक बंगाली जोडपं होतं. मी त्यांना एका बटणाचं ॲप शिकवलं, तक्ता कसा भरायचा ते दाखवलं, सगळ्यांना एकदम मेसेज कसा जातो तेही दाखवलं. मिठाईवालीनं विचारलं की या ॲपनं तुमचं कधी काही नुकसान झालं काय.

मी म्हटलं, “नाही, माझं काहीच नाही.”

तिनं ते वहीत लिहून घेतलं.