अळणी भरीत

आमच्या जळगावच्या शेजाऱ्याच्या हातचं वांग्याचं भरीत गल्लीत नावाजलेलं. माणूस मात्र सगळा कमीपणा स्वतःकडे घेणारा. हृदयाच्या दुखण्याने त्याच्या वडिलांना, आबांना, जिन्यात धाप लागते, तेव्हा हाच कठड्याला टेकतो. "थांबा आबा, मला दम लागला."

डॉक्टरांनी आबांचं मीठ बंद केलंय. परवा त्याने मला भरीत खायला बोलावलं. पहिल्याच घासाला मी थबकलो. अख्खं घर मात्र ते अळणी भरीत मुकाट्याने खात होतं.

"मीठ टाकायचं विसरलोच बघा," तो ताटात बघत म्हणाला.

"रोजच इसरस हाऊ," भाकरी मोडत आबा मुलाकडे मान वळवून मला म्हणाले. "मी बी याद करी देत नही."