अप्पांना नकाशे दाखवणारा ब्लेड रायर

ब्लेड रायर चूक खोडायला बसला की श्वास धरून ठेवायचा. ट्रेसिंग क्लॉथवर शाईची रेघ एकदा पडली की ती पुसता येत नाही, खरवडावी लागते. दाढीचं अर्धं ब्लेड दोन बोटांत आडवं धरून तो वरची शाई इतक्या हलक्या हातानं काढायचा, की कापडाला त्याची खबरही नसे. मग त्या जागी खडूची पूड चोळायची, नखाच्या पाठीनं घोटायची, आणि त्यावरच नवी रेघ. कापड उजेडासमोर धरलं तरी खूण सापडत नसे. मी खरवडलं की शाई पसरायची आणि कालव्याच्या काठाला सुरवंट चिकटल्यासारखं दिसायचं. "तंबी," तो सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणायचा, "तू चुकीला मारतोस. तिला नुसतं ऊठ म्हणायचं असतं."

तंजावरच्या कालव्यांच्या ऑफिसात आम्ही दोघे ड्राफ्ट्समन होतो. आमच्यासारख्या मराठी घरांतल्या माणसांना तमिळ मंडळी रायर म्हणतात. ऑफिसात रायर दोघे, म्हणून शिपायानं त्याला ब्लेड रायर केलं आणि मला 'दुसरा रायर'. वयानं तो माझ्याहून थोडा मोठा, मी त्याला अण्णा म्हणायचो, तो मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ. आम्ही एकाच वर्षी लागलों, एकाच खिडकीपाशी बसलों. तरी मी दुसरा.

गरीब स्वभावाचा वगैरे तो मुळीच नव्हता. उशिरा यायचा, कडक इस्त्रीची वेष्टी सांभाळत दारातच थांबायचा, तपकिरीची चिमूट ओढायचा आणि सगळ्यांनी पाहिलं याची खात्री झाल्यावरच आत यायचा. मागच्या अंगणात ब्लू प्रिंटा धुऊन दोरीवर वाळत घालत. त्याची प्रिंट दोरीवर असली आणि कुणी पाहुणे इंजिनीयर आले, की त्यांना फिरवत फिरवत तो नेमका तिच्यासमोर आणून उभं करायचा. "ऊन फार आहे, जरा इथं सावलीला थांबू," म्हणायचा. सावली त्या प्रिंटचीच असायची. मला हसू यायचं. पण माझ्याही प्रिंटा त्याच दोरीवर, त्याच उन्हात वाळत होत्या.

हे सगळं ऑफिसातच राहिलं असतं तर मी निभावून नेलं असतं. पण रविवारी तो आमच्या घरी यायचा.

माझे वडील, अप्पा, त्याच ड्रॉइंगच्या खोलीतून पेन्शनीत निघाले होते. आयुष्यभर बारीक रेघा ओढल्या आणि मग काचबिंदूनं डोळे गेले. उजेड-अंधार तेवढा कळायचा. आमच्या घरात तमिळ आणि मराठी दोन्ही होत्या, पण अप्पा आणि मी कुठल्याच भाषेत फार बोलत नसू. जेवलास कां, आलास कां, एवढंच. त्यांच्यासमोर बसलों की मला शब्द सुचत नसत. त्यांनाही सुचत नसावेत.

ब्लेड रायर बाद झालेली एखादी ब्लू प्रिंट काखेत मारून यायचा. दाराबाहेरच्या ओट्यावर, तिण्णैवर, ती पसरायचा आणि अप्पांचा हात धरून कागदाच्या डाव्या कडेवर ठेवायचा. "चला अप्पा. वहाणा काढा, बांधावर चिखल आहे." अप्पा खरंच पाय आखडून घ्यायचे. "आता पाणी तुमच्या उजव्या हाताला. पुढं कमानी आहेत. मधल्या कमानीपाशी खाली बघूं नका, भोवळ येईल."

"दगडी आहे कां रे?"

"कमानी दगडी. बाजूची भिंत विटांची करताहेत, नवीन पोरं आहेत."

"मूर्ख आहेत," अप्पा म्हणायचे. इतक्या आनंदानं त्यांनी मला कधी हुशार म्हटलं नव्हतं.

पुढं सरकारनं फूट-इंच काढून मीटर आणले. जुना एकेक नकाशा काढून त्यातले आकडे बदलायचं काम आमच्या खोलीवर येऊन पडलं. भिंतीवर फुटांचे मीटर करायचा तक्ता लावला होता. तो बघायचा, जुना आकडा खरवडायचा, नवा लिहायचा. ब्लेड रायरही तक्ता बघूनच करायचा, त्यात त्याचं काही वेगळं नव्हतं. वेगळं होतं ते रविवारी. अप्पा विचारायचे, "तीस मीटर म्हणजे किती रे?" फूट सांगितले असते तरी चाललं असतं. हा म्हणायचा, "आपल्या दारापासून कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारपर्यंत. तुमच्या पावलांनी हां, माझ्या नाही. मी वाटेत तपकीर घ्यायला थांबतों." आणि अप्पा मान वळवून कोपऱ्यावरच्या त्या गणपतीकडे बघायचे. दिसत काही नव्हतं, पण बघायचे.

डिकॉक्शनची पहिली कापी, म्हणजे दाट कॉफी, त्याला द्यायची, अशी अप्पांची ताकीद होती. दुसऱ्या पाण्याची मला. कधी गंमत म्हणून तो आपला तंबलर माझ्याकडे सरकवायचा, "घे तंबी, दुसऱ्या रायरला पहिली कापी." अप्पा हसायचे. मी ती घ्यायचो नाही.

एकदा त्याला ताप आला होता. त्या रविवारी मी प्रिंट आणली. त्याच्यासारखाच अप्पांचा हात कागदावर ठेवला आणि वाचून दाखवायला लागलों. रुंदी इतकी, तळाची पातळी इतकी, दरवाजे इतके. आकडा एकही चुकला नाही. बांधावर चला म्हणायचं मनात होतं, पण स्वतःच्या बापाला असलं काही म्हणायची लाज वाटली. अप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं. "बरोबर असेल," म्हणाले आणि हात काढून मांडीवर ठेवला. पाहुण्याशी वागावं तसे ते माझ्याशी वागले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पश्चिमेच्या डोंगरातल्या नव्या धरणासाठी आमच्याकडून एक ड्राफ्ट्समन मागितला गेला. पाऊस, थंडी, जळवा. जायला कुणी तयार नव्हतं. इंजिनीयरसाहेबांनी मला बोलावून विचारलं, कुणाला पाठवावं. मी ब्लेड रायरचं नाव सांगितलं. नुसतं नाव सांगून थांबलों नाही. त्याचा हात, त्याची नजर, खरवडलेली जागा सापडत नाही ती, मीटरचं काम किती सफाईनं केलं ते, सगळं सांगत बसलों. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. इतकं मनापासून मी कुणाचंच कौतुक केलेलं नाही. साहेब म्हणाले, अशा माणसाला इथं ठेवणं म्हणजे त्याच्यावर अन्यायच. मी म्हटलं, होय.

ऑर्डर आली त्या दिवशी ब्लेड रायर माझ्या टेबलापाशी आला. बायको केव्हाच गेली होती, मूल नव्हतं, त्यामुळे अडवायला घरी कुणी नव्हतं. साहेबांनी त्याला सगळं सांगितलं होतं. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "तंबी, या खोलीत माझ्यामागं चांगलं बोलणारा तू एकटा निघालास. मला वाटायचं, तुला मी सोसत नाही." त्याचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "काहीतरीच काय, अण्णा." घरी अप्पांनीही विचारलं, साहेबांना नाव कुणी सुचवलं. मी म्हणालों, "मी." मग माझी पाठ चाचपत त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "मोठं मन केलंस." आयुष्यात माझ्याबद्दल एवढं ते एकदाच बोलले, आणि तेही असं मिळवलेलं.

तो गेला. रविवार आला, अप्पा अंघोळ करून तिण्णैवर येऊन बसले. मी आत होतों. ऑफिसातून एखादी प्रिंट आणणं काही कठीण नव्हतं. त्या रविवारी आणली नाही, पुढच्याही नाही. वर्षं गेली. मी एकदाही आणली नाही.

अप्पा वारले तेव्हा तार करता आली असती. मी कार्ड टाकलं. त्यामुळे तो दहाव्यालाच पोचला, तिरुवैयारूच्या घाटावर. तंजावरच्या उन्हात गळ्याला लोकरीचा मफलर, अंगानं निम्मा झालेला. "डोंगरातली सवय," म्हणाला, "हा काढला की खोकला येतो." विधी आटोपल्यावर आम्ही पायऱ्यांवर बसलों. त्यानं विचारलं, अप्पांना मधल्या काळात नकाशे कोण दाखवायचं.

"मी," म्हणालों.

"बांधावर न्यायचास?"

"न्यायचो. दर रविवारी."

तो कावेरीकडे बघत राहिला. मग इतक्या हळू बोलला की ऐकायला मला वाकावं लागलं. "मग माझी आठवण नसेल काढली त्यांनी."

मी म्हणालों, "नाही अण्णा. तशी नाही काढली."

त्याचं तोंड उतरलं. जन्मात पहिल्यांदा तो माझ्याकडे, मी त्याच्याकडे बघत आलों तसा बघत होता. माझ्या बापाजवळची जागा मी घेतली म्हणून. आणि मला बरं वाटलं. वडिलांच्या दहाव्याला, नदीच्या काठी, अंगावर ओलं धोतर असताना मला बरं वाटलं. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

लगेच त्यानं चेहरा सावरला. "छान झालं," म्हणाला. "मुलानंच दाखवायला पाहिजे. मी काय, परका." मफलर नीट केला, "जाऊन येतों" म्हणाला आणि बसस्टँडकडे चालू लागला. त्याला हाक मारायला पायऱ्या चढून जावं लागलं असतं, एवढंच. मी बसून राहिलों. त्याच पावसाळ्यात तो तिकडे डोंगरात वारल्याचं ऑफिसात कळलं.

खरं असं होतं की दर रविवारी मी पायांचा आवाज करत दारात आलों की अप्पा मान वर करून विचारायचे, "रायर कां?" तो गेलेला त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी विचारायचे. आणि मी दर रविवारी म्हणायचो, "नाही अप्पा, मी."