रॉकेल आणि खडू

वसंता गेल्याचा निरोप शिपायानं आणला, तेव्हा मी वर्गात मुलांना लेथ शिकवत होतो. पहिला विचार काय आला, सांगायला लाज वाटते... आता पेपरात याचा फोटो येईल. आलाच.

आम्ही दोघं धरणगावचे, कापसाच्या जिनिंगची यंत्रं उघडून उघडून शिकलेले. शाफ्टला गेलेली चीर डोळ्याला दिसत नसेल तर रॉकेल फासायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड चोळायची. चिरेत शिरलेलं रॉकेल हळूच बाहेर येतं, पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. हे त्याला मी शिकवलं. मार्कही मलाच जास्त. पण तो विमानांच्या तपासणीत गेला आणि मी जळगावला आयटीआयत मास्तर झालो. त्याचं पत्र आलं की मी दोन-दोन दिवस फोडत नसे.

आठ-नऊ वर्षांपूर्वी एका पंखेवाल्या प्रवासी विमानाला हवेत हादरे बसू लागले आणि ते कसंबसं जळगावच्या धावपट्टीवर उतरलं. माणसं वाचली. तपासाला वसंता आला, पण आधी माझ्या दारात. म्हणाला, "चाल ना भो, तुनी नजर तेज शे."

"माले पेपर तपासाना शेतस," मी म्हणालो. साफ खोटं. त्याच्यामागे पिशवी धरून कोण उभं राहणार!

मुंबईहून तपासणीचं सामान यायच्या आत त्यानं पंख्याच्या पात्याच्या बुडाशी केसाएवढी चीर शोधली, रॉकेल आणि खडूनं. पेपरात नाव त्याचं. माझी युक्ती चोरली, असं मी गावभर सांगत सुटलो. त्याच्या तोंडावर मात्र कधी बोललो नाही.

तो गेल्यावर काही दिवसांनी धुळ्याला त्याच्या घरच्यांना भेटायला गेलो. त्याच्या हाताखालचा एक इंजिनिअर तिथं बसला होता. माझं नाव ऐकताच उठून उभा राहिला. "दिनकर मास्तर तुम्हीच? रॉकेल-खडू काढला की साहेब प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे, ही दिनकरची तपासणी. आम्ही अजून तेच म्हणतो."

मला रडू यायला हवं होतं. आला तो रागच. मनाचा मोठेपणाही यानंच घ्यावा?

निघताना वहिनींनी त्याच्या पिशवीतला खडूचा तुकडा हातावर ठेवला. तो आता माझ्या लेथशेजारी असतो. मुलं मागतात. मी त्यांना दुसरा देतो... वसंताला सगळ्यांत वाटून घेणं मला जमत नाही.