माझ्या गाडीचे पाच राखणदार

मी माझ्या पगारातून गाडी घेतली आणि घरातल्या सगळ्यांना एकदम चोरांची आठवण झाली. त्याआधी अकरा वर्षं मी अमरावतीहून चांदूर रेल्वेला एसटीने जात-येत होते. तिथल्या सरकारी कचेरीत माझी नोकरी. कधी दरवाज्यात उभी राहून गेले, कधी बंद पडलेल्या गाडीतून उतरून पोहऱ्याच्या जंगलात तासभर ताटकळले. पण बाई हरवली तर शोधायची कशी, हा प्रश्न आमच्या घरात कोणाला पडला नाही. गाडी हरवली तर काय, या प्रश्नाने मात्र ती शोरूममधून निघायच्या आधीच सगळ्यांची झोप उडवली.

त्यात आमच्या कॉलनीतून एकाची मोटारसायकल भरदुपारी चोरीला गेली. "ट्रॅकर बसवल्याशिवाय गाडी घरी आणायची नाही," नवऱ्याने जाहीर केलं. तो साध्या गोष्टीही जाहीरच करतो.

अमरावतीत गाड्यांचं सामान विकणारे एक चाचा आहेत. त्यांनी काउंटरवर तीन डबे मांडले. पहिलं यंत्र स्टिअरिंगखाली नुसतं खोचायचं; चोरही ते तितक्याच सहज काढून फेकतो. दुसरं आत वायरीला जोडून लपवायचं. गाडी चोरीला गेली की फोनवर नकाशा उघडून ती कुठे आहे ते बघायचं, एवढंच त्याचं काम. तिसरं सर्वगुणसंपन्न. गाडी कुठे गेली, किती वेगाने गेली, कुठे किती मिनिटं थांबली, सगळं सांगणार. आपण आखून दिलेल्या हद्दीबाहेर गाडी गेली की फोनवर भोंगा वाजवणार. आणि गाडी उभी असताना फोनवरचं बटन दाबलं की ती पुन्हा सुरूच होणार नाही.

चाचांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. "मॅडम, एक बात इचारू? मशीन चोरासाठी पाह्यजे का घरच्यायसाठी? दोन्हीचं अलग येते."

मी हसले. नवरा हसला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मला दुसरं हवं होतं. गाडी चोरीला गेल्याशिवाय तोंड न उघडणारं. माझं मत नीट ऐकून घेण्यात आलं आणि तिसरं घेण्यात आलं. बसवून झाल्यावर चाचांनी बजावलं, "जागा फक्त तुमा दोघायले माहीत पाह्यजे. सख्ख्या भावालेही सांगू नका."

यंत्राला पाच फोन जोडता येत होते. नवऱ्याचा, अकोल्यात राहणाऱ्या सासऱ्यांचा, त्यांच्याजवळच्या माझ्या दिराचा आणि पुण्यातल्या नणंदेचा. पाचवी जागा वाया कशाला घालवायची म्हणून सासूबाईंचा. त्यांच्याकडे दिराने टाकून दिलेला, काच तडकलेला फोन होता.

"आणि माझा?" मी विचारलं.

"तुझा कायले?" नवरा म्हणाला. "तू त गाडीतच असशील."

अकरा वर्षं सरकारी कचेरीत काढूनही इतकं बिनतोड उत्तर मी ऐकलं नव्हतं.

मग गाडी दाखवायला अकोल्याला नेली. आमच्याकडे आजेसासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हापासून लिंबू-मिरची, काळा दोरा, नजरबिजर सगळं बंद. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. शेजारच्या काकूंनी आणलेली लिंबू-मिरची त्यांनी हसून परत केली. पंचशील झालं, पेढे वाटले गेले. आणि मग सासऱ्यांनी विज्ञानाचं महत्त्व सांगायला घेतलं. "आमच्या घरी लिंबू नाही, मशीन हाये," असं म्हणत त्यांनी समोरचा कप्पा उघडला, त्यामागची पट्टी स्वतःच्या हाताने सरकवली आणि जमलेल्यांना ते गुप्त यंत्र दाखवलं. आधी शेजाऱ्यांना, मग दूधवाल्याला. मग इस्त्रीवाला आला, तेव्हा पट्टी पुन्हा उघडली. संध्याकाळी रस्त्याने जाणाऱ्या एका अनोळखी गृहस्थाने नवी गाडी का म्हणून विचारलं, तर त्यालाही पेढा आणि पट्टी. आमच्याकडे नवी वस्तू दाखवली नाही तर लोक म्हणतात, मिजास आली. त्यामुळे अकोल्यात ती जागा माहीत नसलेला एखादाच चोर उरला असेल, आणि तो त्या दिवशी बाहेरगावी गेला असेल.

एवंच, चोरासाठी यंत्राचा उपयोग संपला. उरले घरचे. चाचा फार जाणता माणूस.

सोमवारपासून माझ्यावर अहवाल सुरू झाले. मी कचेरीत पोचून पाणी पिते न पिते तोच दिराचा फोन यायचा, "वहिनी, तुमी ऐंशीच्या वर गेल्या होत्या." सासरे सौम्य. "काई नाही बाई, आज चांदूरच्या फुडं धामणगावले गेलती, म्हून इचारलं." सहकारी बाईला तिच्या गावी सोडायला गेले होते, हे मी त्यांना मुख्याध्यापकांना द्यावं तसं सविस्तर उत्तर दिलं. नणंद पुण्याहून लिहायची, "वहिनी, कापडाच्या दुकानासमोर पन्नास मिनिटं? मजा आहे!" नवऱ्याने हद्द आखली होती: अमरावती, चांदूर, धामणगाव आणि अकोल्याचा रस्ता. धामणगाव माझ्या विनंतीवरून वाढवण्यात आलं. गाडी माझी, पेट्रोल माझं, परवानाही माझा; फक्त रस्ता त्यांचा.

मला राग येत नव्हता असं नाही. पण रागाला कारण द्यावं लागतं, आणि समोरून येत होती ती काळजी. काळजीवर चिडणारी बाई कृतघ्न ठरते. म्हणून मी गप्प बसले, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की मी कचेरी ते घर एवढंच जाऊ लागलेय. भोंगा न वाजवता यंत्राने काम फत्ते केलं होतं.

संत्र्याच्या हंगामात एका रविवारी नवरा निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेला. मी फोनचा आवाज बंद केला, तो पर्समध्ये टाकला आणि वरूडला निघाले. वरूडला माझं काहीही काम नव्हतं. मी जन्मात कधी कामाशिवाय कुठे गेले नव्हते, एवढंच ते काम. मोर्शीला थांबून टपरीवर चहा घेतला. वरूडला बाजाराबाहेर ट्रॅक्टर-ट्रकांच्या गर्दीत गाडी लावली, संत्री घेतली आणि गाडीत बसून एकटीने तीन खाल्ली. साली मांडीवर, रस कोपरापर्यंत. मी फार सुखात होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

चावी फिरवली तर गाडी ढिम्म.

चारदोन माणसं जमली. "मॅडम, पेट्रोल हाये का?" एकाने विचारलं. दुसऱ्याने बॉनेट उघडलं, तिसरा ट्रॅक्टरला दोर बांधू का म्हणाला. मी पर्समधून फोन काढला. सत्तावीस मिस्ड कॉल. त्यातच अठ्ठाविसावा आला. नवरा.

"गाडी चोरीले गेली!" तो ओरडला. "वरूडले हाये! भावानं अकोल्यातून बंद करून टाकली. आता चोर हलत नाही."

"हलत नाही," मी म्हटलं. "चोर संत्री खाऊन बसलाय."

पलीकडून प्रशिक्षणाचा माइक ऐकू आला. मग, "तू? तिकडं कायले गेलती?"

अठ्ठावीस फोन झाले, पण उचलला त्या फोनातही तू बरी आहेस का हे नव्हतं. दिराला गाडी बंद करायचं बटन लगेच सापडलं होतं. चालू करायचं सापडायला पाऊण तास लागला. तोवर मी बॉनेट उघडं टाकून त्या सगळ्या माणसांसमोर उभी होते, माझ्याच गाडीपाशी, पकडल्यासारखी. मला तिथे रडू आलं, आणि ते मी संत्र्याच्या रसावर ढकललं.

पुढच्या रविवारी मी एकटी अकोल्याला गेले. चाचांकडून यंत्राचा पासवर्ड बदलून माझ्या ताब्यात घेतला होता. नवऱ्याचं आणि नणंदेचं नाव काढून झालं होतं. बैठकीत मी दिराचं काढलं, सासऱ्यांचं काढलं. सासरे म्हणाले, "काळजीपोटी करत होतो बाई." मी म्हटलं, "माहीत आहे बाबा," आणि काढलं.

उरलं पाचवं. सासूबाई स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. मी बोलायच्या आत त्यांनी पिठाचा हात पुसून फोन पदराआड घेतला.

"मायं राहू दे ना," त्या हळूच म्हणाल्या.

"काहून, आई?"

"मी कोनाले सांगतो का? तू सकाळी निंगाली का मी इथं पाह्यत बसतो. तुया ठिपका सरकते, मी बी सरकतो." मग तव्यावरची भाकरी उलटत, "त्या दिवशी मोर्शीले थांबली व्हती तू. धा मिनिटं. चहा पेली?"

मी मान हलवली. सबंध घरात हे मला कोणीच विचारलं नव्हतं.

"दर्यापूर मायं माहेर, आन् हे अकोला. मधात जिथं नेलं तिथं गेली. कुठी जाशीन, असं कोनं इचारलंच नाही कदी."

सत्तावीस मिस्ड कॉलांत त्यांचा एकही नव्हता. ते मला तेव्हा आठवलं आणि थोडं लागलंही. "मग आई, त्या दिवशी सगळ्यांनी फोन केले, तुम्ही का नाही केला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू हे काय विचारणं झालं.

"केला असता त तू वापस फिरली असती."

मी गॅस बंद केला. भाकरी अर्धवट राहिली. त्यांना हात धरून बाहेर आणलं, पुढच्या सीटवर बसवलं आणि पट्टा लावून दिला. सासरे ओसरीत उभे राहून कुठे, कुठे, करत होते.

"कुठं जायचं, आई?" रस्त्याला लागल्यावर मी विचारलं.

त्या हातातल्या फोनवरचा ठिपका बघत विचार करू लागल्या. बोरगाव गेलं, मूर्तिजापूर आलं, तरी त्यांचं ठरेना. मी घाई केली नाही. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सासरे. सासूबाईंनी फोन कानाला लावला, ऐकलं आणि त्या म्हणाल्या, "मले काय माईत? मी त गाडीत हावो."