याडीच्या दंडावरचा पॅच

बाजाराचा दिवस होता. पांढरकवड्यात माझ्या टेलरिंगच्या दुकानात एका बाईच्या ब्लाउजचं माप घेत होते आणि मोबाईल बोंबलायला लागला... याडीची शुगर पुन्हा वर!

याडी म्हणजे आई, आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत. ती आणि बापू ढाणकीजवळच्या तांड्यात राहतात. मध्यंतरी डॉक्टरांनी तिच्या दंडावर तो शुगर मोजणारा पॅच लावून दिला, नाण्याएवढा. दंडभर पांढऱ्या बांगड्या, नर्सने त्या जरा खाली सरकवल्या तर याडी तिच्यावरच उखडली... "माहा नवरा जिता हाये अजून, बांगड्या काढू नोको!"

माझा जुना स्मार्टफोन तिच्या पिशवीत टाकला, त्यात ॲप. आकडे माझ्या मोबाईलवर यायचे. आणि माझी हौस बघा, बापूंच्या मोबाईलवरही सुरू करून दिले. ॲप काय काय परवानग्या मागत होतं आणि मी आपली अलाऊ, अलाऊ, अलाऊ... याडीला विचारावं हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या मोबाईलवर मधुमेहाच्या चूर्णाच्या जाहिराती. म्हणजे आमच्याशिवाय आणखी कोण कोण बघतंय, देव जाणे.

तर गंमत अशी, की शुगर एरवी शहाण्यासारखी वागायची आणि ढाणकीच्या बाजाराच्या दिवशी दर वेळी दुपारी उड्या मारायची. याडी बापूंना सांगायची, बाजारात जिलेबी दिसली की राहवत नाही. माझं डोकंच फिरलं. माप तसंच सोडलं, फोन लावला आणि चांगली झाडली तिला... या वयात जिभेचे कसले चोचले, डोळे गेल्यावर कळेल का?

 ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "जिलेबी नाई वो बाई... शीलीकडे येते मी. ते लापशी करते. लेकीच्या घरून तोंड गोड केल्याबिगर कसं निघू?"

शीली म्हणजे शीला माझी धाकटी बहीण. समाजाबाहेर स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं, तेव्हापासून बापूंनी तिचं नाव घरात काढू दिलं नाही. ढाणकीतच राहते ती, बाजाराच्या पलीकडे. मी तिच्याशी फोनवर बोलते, पण याडी दर आठवड्याला तिच्या घरी जाते हे मला दोघींपैकी एकीनंही सांगितलं नव्हतं.

लेकीला भेटता यावं म्हणून बिचारी इतके दिवस चटोर म्हणवून घेत होती. मला रडूच आलं. ब्लाउजवाली बाई टेप गळ्यात घालून तशीच उभी.

आणि मग आठवलं... अरे देवा, बापूंचा मोबाईलपण तर तेव्हाच बोंबलतो! त्यांना संशय आला तर याडीचा बाजार बंद. लेकीची भेट बंद. आणि हे सगळं मी स्वतःच्या हातानं करून ठेवलेलं, तिच्या काळजीपोटी.

बापूंना ॲपमधून काढावं, तर ते विचारणार काहून काढलं. नाही काढावं, तर टांगती तलवार. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणे, "शुगर लपवून चालते का?" शुगर नाही रे बाबा लपवायची, शीला लपवायची आहे... पण या मशीनला दोन्हींतला फरक कुठे कळतो? खरं सांगू, मलाही धड कळेना. तिच्या जिवासाठी आकडा बघायलाच हवा, आणि बघितला की तिचं मन उघडं पडतं.

शेवटी याडीला एवढंच म्हटलं, जा, पण गोड खाऊ नको.

पुढच्या बाजाराला मोबाईल अगदी गप्प. मी मनातल्या मनात म्हटलं, सुटलो बुवा एकदाचे! तेवढ्यात बापूंचा फोन. बापू स्वतःहून कधी फोन लावत नाहीत, त्यामुळे हातातलं काम टाकून आधी तो उचलला.

"आज काही वाढली नाई तिची," ते म्हणाले.

"बरं झालं न बापू," मी म्हटलं.  मला वाटलं, आता फोन ठेवतील.

मग म्हणाले, "शीली बरी हाये न? बिमार तं नाई पडली?"

काय सांगू तुम्हाला... किती वर्षांनी त्यांच्या तोंडून ते नाव ऐकलं. जिलेबीची थाप त्यांना कधी पटलीच नव्हती. दर बाजाराला तो आकडा वर जाताना बघून हा माणूस एकटाच घरी समजून घेत होता, की आज लेक भेटली, आज तिच्या घरी चूल पेटली आहे. आणि आज आकडा हलला नाही तर घाबरला.

कसंबसं सांगितलं, बरी आहे, मीच याडीला गोड खाऊ नको म्हटलं होतं. बापू खाकरले. "थोडंसं खाऊ देत जा तिले. गोळी घेते न ते," म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

आता माझा नुसता गोंधळ आहे. त्या ॲपवर रागवावं की त्याच्या पाया पडावं? बापूंना सगळं माहीत आहे, हे याडीला सांगू का? दहा वेळा फोन हातात घेतला आणि ठेवला. तिचं गुपित मी तिला न विचारता त्या ॲपमधून फोडलं, तेवढं पुरे झालं... बापूंचं गुपित बापूंनाच सांगू दे.