विषाणू सरांची फौज

विषाणू सरांना कुणी नुसतं "बरंय ना?" विचारलं, तरी अर्धा तास मोडायचा. एकदा नव्या पोस्टमननं ही चूक केली. सरांनी त्याला भर उन्हात उभं करून नाकापासून फुप्फुसापर्यंतचा सगळा रस्ता समजावला, आणि खालच्या गल्लीचं टपाल दुसऱ्या दिवशी पोचलं. कुंभार पिंपळगावात आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे. बाकीचं पुस्तक ते भराभर उरकायचे, पण विषाणूच्या धड्याला महिना लागायचा.

भरात आले की पुस्तकी भाषा गुंडाळून ठेवत. "विषाणूला घर न्हाई, चूल न्हाई, पीठ न्हाई. फुप्फुसातल्या पेशीच्या दाराला त्याची किल्ली बसली, की झाला आत! मंग चूल पेशीची, पीठ पेशीचं, आन् लेकरं याची. हजार!" मग आवाज खाली आणून म्हणायचे, "आता येती आपल्या शरीराची फौज. हिची भीती धरा. चोर पळून जातो, पण ही काठ्या फिरवतच राह्यती. आपल्याच भिंती फोडती, हवेच्या खोल्यात पाणी भरतं. कैक माणसं चोरानं न्हाई, फौजेनं मरतात."

मी नववीत असताना सव्वीस जानेवारीला त्यांनी याचं नाटकच बसवलं. बांबू आणि जुन्या लुगड्यांचा मांडव म्हणजे फुप्फुस. मी पेशी. माझं वाक्य एकच. विषाणू झालेला मुलगा फेटा बांधून यायचा, "पाहुणा हाय," म्हणायचा आणि मी म्हणायचं, "या, बसा." आमच्याकडं दारातल्या माणसाला दुसरं काही म्हणतच नाहीत, म्हणून तालमीची गरजही पडली नाही.

फौजेला मात्र सरांनी दहावीची पोरं घेतली, आणि हातात खऱ्या काठ्या दिल्या! पहिल्याच फटक्याला विषाणू जो पळाला, तो थेट घरी जाऊन जेवायला बसला. फौजेला कोण थांबवणार? तिनं बांबू पाडले, शेजारचा पाण्यानं भरलेला रांजण फोडला, आणि भिजलेलं फुप्फुस सरपंच आणि मुख्याध्यापकांच्या अंगावर कोसळलं. लुगड्यांच्या खालून सरांचा आवाज आला, "बराबर! बिलकुल हेच होतं!" मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला. सरांनी बारा पानं लिहून दिली, आकृतीसकट.

तेव्हापासून मी त्यांची पेशी झाले. माझ्या लग्नात त्यांनी नवरदेवाला बजावलं, "आमच्या पेशीला सांभाळा." सासरचे लोक कितीतरी दिवस हे माझं माहेरचं नावच समजत होते.

पुढं मीही शिक्षिका झाले आणि बदली होऊन गावी आले, ती सरांच्या शेजारच्याच घरात. सर तोवर निवृत्त झाले होते. ज्या वर्षी लोक नाकाला रुमाल लावून आणि गळ्यात कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या बांधून हिंडत होते, त्या वर्षी सरांना ताप आला. चौथ्या दिवशी तो उतरला. सरांच्या बायकोनं, काकूंनी, साखर वाटली आणि गाव भेटायला लोटलं. आजाऱ्याला भेटायला नाही गेलं तर आमच्याकडं वर्षभर बोल लागतो. रुमाल हनुवटीवर ओढून लोक सरांच्या उशाशी बसत. दारात मी उभी, "या, बसा," म्हणत, आणि आत चहाची पातेली चढवत.

सर भिंतीला टेकून बसलेले असायचे. कुणी काही विचारलं तर दोन शब्दांत उत्तर. "सर आता कसे शांत झाले!" लोक म्हणायचे. "वयानं माणूस निवळतोच." मीही मान डोलावली. मेली माझी अक्कल! दोन दिवस मी त्या शांतपणाचं कौतुक करत चहा गाळत होते.

तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, "सर, बरंय ना?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "चोर... गेला," ते म्हणाले. थांबले. "फौज... न्हाई."

लोक हसले. म्हाताऱ्याला चोरीचं स्वप्न पडलं म्हणाले. मी गाळणं ठेवून सरांच्या जवळ गेले. सरांचे ओठ काळेनिळे दिसत होते, आणि प्रत्येक श्वासाला गळ्याखाली खड्डा पडत होता.

"उठा सगळे! जल्दी जीप आणा!" मी ओरडले.

"ताप उतरला की बाई, मंग जालन्याच्या दवाखान्यात कशाला?" बाहेरून आणखी चौघं चपला काढत होते. मी चौकटीत दोन्ही हात आडवे लावले आणि जन्मात पहिल्यांदा दारातल्या माणसांना म्हणाले, "न्हाई. आत यायचं न्हाई."

जीपमध्ये सरांचं डोकं काकूंच्या मांडीवर होतं. त्यांनी माझं मनगट धरलं. "पेशी... दार... बराबर लावलंस." बऱ्याच वेळानं पुढचे शब्द आले. "उशिरा... लावलंस."

जालन्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. काळ्या दिसायला हव्यात त्या फुप्फुसाच्या दोन्ही बाजू पांढऱ्या होत्या. सर दुसऱ्या दिवशी गेले.

गावात अजून माझ्यावर राग आहे. ह्या बाईनं सरांची शेवटची भेट होऊ दिली न्हाई, म्हणतात. म्हणोत. त्यांना काय सांगू, की मीच दोन दिवस दार उघडं ठेवलं होतं.

आता कुणी आजारातून उठलं, की मीही भेटायला जाते. समोर बसून "बरंय ना?" विचारते आणि त्या माणसाला बोलू देते. तो चांगला अर्धा तास बोलला, की मगच चहाचा कप हातात घेते.