रेविनच्या दोरीवरचे चिमटे

रेविन कूट्सच्या बसमध्ये चढलं की आधी हातात पडतो कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा. त्यावर पेनाने आपलं नाव लिहायचं. ड्रायव्हरच्या डोक्यावर, पुढच्या काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधली आहे, तिला तो लावायचा. वाटेत उतरताना आपला चिमटा काढून कॉलरला अडकवायचा आणि परत आलं की पुन्हा दोरीला. दोरी भरली की बस हलते. सगळ्यांत शेवटी जो चिमटा लावेल त्याने माईक घेऊन आपल्या भाषेतलं गाणं म्हणायचं, हा दंड.

पाठीवर पिशव्या टाकून न्यूझीलंड बघायला आलेल्या पोरापोरींना रेविन स्वतः बस चालवत बावीस वर्षं दक्षिण बेटाच्या डोंगरांतून आणि तळ्यांकाठून फिरवते आहे. वय त्रेसष्ट. ऊन असो की बर्फ, पायात जाड लोकरी मोजे आणि वर अर्धी चड्डी. दर मंगळवारी तिची बस आमच्या मार्था गावात मुक्कामाला येते, कारण स्वस्तात उतरायची जागा गावात एकच आणि ती माझी. आल्या आल्या ती माझ्या स्वयंपाकघरात शिरते, चीज रोल भाजायला घेते आणि माझ्या भांड्यांना नावं ठेवते.

मला नको तिथे नाक खुपसायची खोड आहे. बायको होती तोवर ती मला आवरायची. रेविनच्या बाबतीत दोन गोष्टींचा छडा मला काही केल्या लागत नव्हता. पहिली म्हणजे हे चिमटे. डोकी मोजायची सोडून एवढा खटाटोप कशाला?

"अगं, तेवीस तर माणसं. एक, दोन, तीन म्हणत गेलं की झालं," मी म्हणायचो.

"नेव्ह, तुला तुझ्या घरातल्या चादरी धड मोजता येत नाहीत. तू मला शिकवतोस होय?"

एकदा म्हणाली, चिमटे स्वस्तात मिळाले. एकदा म्हणाली, घोरणाऱ्यांच्या नाकाला लावायला ठेवलेत. अकरा वर्षांत मी आठ उत्तरं गोळा केली आणि त्यातलं एकही खरं नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे डेस रोलॅट. वरच्या तळ्याचं पाणी विजेसाठी खालच्या तळ्यात आणायला इथे एक बोगदा खणला, त्यावरचा हा कामगार. काम संपलं तशी सगळी वस्ती उठून गेली, एकटा डेस मागे राहिला. आता ऐंशीला टेकला आहे. दर बुधवारी सकाळी बस सुटायच्या वेळेला तो माझ्या दारासमोरच्या बाकावर येऊन बसतो आणि बस जाताना टोपी काढतो. रेविन रस्त्यात टपालवाल्याला हात करते, मेंढपाळाला करते, मेंढ्यांनाही करते. डेसकडे मात्र ढुंकूनसुद्धा बघत नाही.

"काय भानगड आहे रे तुमची?" मी एकदा डेसला गाठून विचारलं. "जुनं प्रेमबिम होतं की काय?"

"ती नऊ वर्षांची होती तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी. बाकीचं तिला विचार," एवढं बोलून म्हातारा उठून गेला. नऊ वर्षांच्या पोरीचं एवढं काय बिघडवलं असेल याने? माझी तर झोपच उडाली.

गेल्या एप्रिलची गोष्ट. मला दातांसाठी क्राइस्टचर्चला जायचं होतं, म्हणून बुधवारी मीही बसमध्ये बसलो, रेविनच्या अगदी मागे. मलाही चिमटा मिळाला, त्यावर तिने स्वतःच्या हाताने 'चोंबडा' असं लिहिलं होतं. बाकावर डेस होताच. बस निघाली, त्याने टोपी काढली, बाईसाहेब सरळ पुढे.

तासाभराने बस खिंडीत थांबली. तिथून एक पायवाट वर चढते, टोकाला गेलं की दोन्ही तळी एकदम दिसतात. "पाऊण तास," रेविनने बजावलं. "ढग उतरायला लागलेत. वर रेंगाळू नका, इथे फोन लागत नाही."

माझे गुडघे त्या वाटेचे नाहीत. मी बसमध्येच बसून राहिलो. पाऊण तासाने गारठलेली मंडळी धापा टाकत परतली आणि दोरी भरत गेली. बाहेर गारांचा बारीक मारा सुरू झाला होता. ब्राझीलचा एक जण शेवटी आला, सगळ्यांनी ओरडून त्याच्या हातात माईक दिला. दोरी भरली. रेविनने बस काढली. त्याचं गाणं रंगात आलं होतं, मागचे टाळ्या पिटत होते, आणि पहिल्याच वळणावर तिने करकचून ब्रेक दाबला.

ती दोरीकडे बघत होती.

"सोरिमचा चिमटा कोणी लावला?"

सोरिम म्हणजे कोरियाची एक बुटकी, लाजरी मुलगी. दोन दिवस लागोपाठ शेवटी आली होती आणि दोन्ही वेळा गाताना रडायच्या बेताला आली होती. मी दोरी पाहिली. तेवीसच्या तेवीस चिमटे, वर माझा चोविसावा. मला काही वावगं दिसलं नाही.

"ती पोर दोरीला कशीबशी पुरते," रेविन म्हणाली. "तिचा चिमटा रोज खालून लावलेला असतो. आज वरून लावलाय. कोणी लावला?"

मागून फर्गल उठला. आयर्लंडचा, सहा फुटी, सगळ्यांच्या पिशव्या उचलून देणारा. "मी लावला. ती म्हणाली, एक फोटो काढून येते. आज पुन्हा गावं लागू नये म्हणून मीच तिचा चिमटा मागून घेतला. मला वाटलं, आली असेल, मागे झोपली असेल..." त्याने मागच्या बाकांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

रेविनने बस मागे घेतली, मला म्हणाली, "नेव्ह, कोणाला खाली उतरू देऊ नकोस," आणि फर्गलला घेऊन गारांत धावली. त्रेसष्टची बाई त्या वाटेने धावताना मी बघत होतो. मग ढगाने वाटच गिळली. पंचवीस मिनिटं मी काचेवरची वाफ पुसून पुसून बाहेर बघत राहिलो. मला फार भीती वाटली.

सोरिमला फर्गलने पाठीवर आणलं. पाय मुरगळून ती एका खडकाआड बसली होती, ओठ निळे पडले होते. घोंगडी पांघरून, चहाचा पेला दोन्ही हातांत धरून ती एवढंच म्हणाली, "बस सुरू झाल्याचा आवाज मला वर ऐकू आला."

फर्गल पायरीवर बसून हमसून हमसून रडायला लागला. "मी मारलं असतं तिला. मी चांगल्यासाठी..."

"माहीत आहे मला," रेविन म्हणाली. ती ड्रायव्हरच्या जागेवर पाठ टेकून बसली होती. मग तिने जे सांगितलं ते फर्गलला सांगितलं, पण मी मागेच होतो.

बोगद्याच्या तोंडाशी एक फळी होती. आत जाताना आपला पितळी बिल्ला तिच्यावरून काढून न्यायचा, बाहेर आलं की लावायचा. शेवटी येईल त्याने सगळ्यांना बिअर पाजायची, असा कामगारांचा आपसातला खेळ. रेविनचे वडीलही त्याच बोगद्यावर कामाला होते आणि एका आठवड्यात दोनदा शेवटी आले होते. तिसऱ्या दिवशी ते हत्यारं आवरत होते, तर जोडीदार म्हणाला, बिल्ला दे, मी लावतो, ये मागून. मुकादमाने फळी भरलेली बघितली आणि सुरुंग उडवायला सांगितलं.

"जोडीदार म्हणजे डेस," माझ्या तोंडून निघून गेलं.

"चोंबड्या, गप्प बस," ती म्हणाली. पण आवाजात नेहमीचा ठसका नव्हता. मग दोरीकडे बघत म्हणाली, "चिमटे बाबांसाठी लावले मी. आणि वर हा गाण्याचा दंड कोणी लावला, नेव्ह? मीच ना? तोच खेळ. बावीस वर्षं माझ्या डोक्यावर टांगलेला होता आणि मला दिसला नाही."

माझं कुतूहल फिटलं होतं आणि मला त्याची लाज वाटत होती.

सोरिमचा पाय सुजत चालला होता आणि जवळची नर्स आमच्याच गावात, म्हणून बस परत फिरली. बुधवारी गेलेली बस त्याच दिवशी परत आल्याचं मार्थात आजवर कोणी पाहिलं नव्हतं. डेस अजून बाकावरच होता. बस वळताना दिसली तसा तो उठून उभा राहिला, एका हाताने बाक धरून. त्या बाकावरून पुढची काच आणि तिच्यामागची दोरी अगदी समोर दिसते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं म्हातारा टोपी काढायला येत होता असं मी समजत होतो. तो चिमटे मोजायला येत होता.

रेविन उतरली. सरळ रस्ता ओलांडून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. डेसने आधी दोरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"सगळे आलेत ना, पोरी?"

"आलेत, डेस," ती म्हणाली. "सगळे आलेत."

मग ती त्याच्या शेजारी बाकावर बसली. पुढे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी सोरिमला आधार देऊन आत नेलं आणि दार लावून घेतलं.